खळ्यावर रेघ

मासवणच्या बाजूला एका जिल्हा परिषद शाळेत मी तिसरीला शिकवते, आणि तिसरीला जिल्हा शिकवावा लागतो. दरवर्षी मी फळ्यावर तोच नकाशा काढते. डावीकडे समुद्र, उजवीकडे डोंगर, मधून रेल्वेचे रूळ आणि त्यापलीकडे महामार्ग. मग आठ तालुके: पालघर, वसई, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार, मोखाडा. "आपल्या जिल्ह्याचे तीन भाग पडतात," मी सांगते, "सागरी, नागरी आणि डोंगरी." मुलं माझ्यामागून तालात म्हणतात. 'डोंगरी'वर जोर देतात, कारण ती तिथलीच. दिवाळी झाली की त्यांतली बरीच आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात आणि मग 'डोंगरी' म्हणणारा आवाज बारीक होतो.

सागरी म्हणजे मी. पण हे मी वर्गात फारसं बोलत नाही. बोलले की "बाई, तुमचं गाव दाखवा" असा गलका होतो, आणि ते दाखवणं अवघड आहे. फळ्यावरच्या नकाशात खडूचं टोक टेकवलं तरी आमचा पाडा त्याखाली चारदा झाकून जाईल.

आमचा पाडा दांडीच्या बाजूला, एका खाडीच्या तोंडाशी आहे. ओहोटीला एका दगडी बांधावरून चालत मोठ्या गावात जाता येतं. भरतीला तो बांध पाण्याखाली जातो आणि पाड्याचं बेट होतं. सरकारला हे बेट कधीच पटलेलं नाही. कागदावर आम्ही खाडीपलीकडच्या गावाचा एक पाडा आहोत, त्या गावाची आणि आमची ग्रुप ग्रामपंचायत, तिची कचेरी अर्थातच पलीकडे. तलाठी तिसऱ्या गावात बसतो. रेशनचं दुकान एकीकडे, पोलीस ठाणं दुसरीकडे, टपाल आणखी कुठं. मतं मात्र पाड्यातच घेतात, त्यासाठी मतपेटी बांधावरून नीट चालत येते. ठाणे जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि जिल्हा पालघरला आला तेव्हा पाड्यात पेढे वाटले होते. ठाण्याला हेलपाटे मारून पिढ्या गेल्या होत्या, आता अर्ध्या दिवसात काम उरकेल असं सगळ्यांना वाटलं. उरकतंही. "नाही" हे उत्तर आता आम्हाला दुपारच्या जेवणाआधी मिळतं.

मला राग येतो तो मी लपवत नाही. शाळेत मला तापट बाई म्हणतात. म्हणू देत. पण या रागाला एक जागा आहे आणि तीच सांगायला बसले आहे.

ती जागा म्हणजे आमचं खळं. मोठ्या गावात खळं म्हटलं की भात झोडायचं आठवतं, आमच्याकडे खळं म्हणजे मासळी सुकवायची जागा. पाड्याच्या पश्चिमेला, घरं आणि किनारा यांच्या मधे, चांगलं ऐसपैस मैदान. बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधतात, त्याला वलांडी म्हणतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. खाली सारवलेल्या जमिनीवर जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, पसरायचा. पावसाळा संपला की उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत खळं भरलेलं असतं. शिमग्याची होळी तिथंच लागते, लग्नाचा मांडवही तिथंच पडतो. माझं लग्न तिथंच झालं. सासरच्या लोकांनी नाकाला रुमाल लावले होते, ते मी विसरलेले नाही.

या खळ्याला एक रीत होती. त्यावर रेघ मारायची नाही. कुणी कुठं बसायचं ते दर हंगामाला नारळ फोडल्यावर बायका आपसात ठरवत. यंदा वाऱ्याच्या तोंडाची जागा माझी तर पुढच्या वर्षी तुझी. बाळंतीण असेल तिला घराजवळची जागा, कुणाचा नवरा वारला असेल तिला पहिली पसंती. लहानपणी आम्ही पोरी लंगडी खेळायला खळ्यावर काठीने रेघा ओढायचो तर आय धावून यायची. "रेघ नको गो मारू खल्यावर, म्हावरं नासतंय!" म्हणायची आणि पायाने रेघ पुसायची. आय म्हणजे माझी आई. तिच्या शेजारी कायम एकच बाई, आमच्या भिंतीला भिंत असलेली काकी. नात्याने काकी नाही, पण दोघी एकाच वर्षी लग्न होऊन पाड्यात आल्या आणि तेव्हापासून दोघींची वलांडी एक. बांबू रोवायला एक धरायची, एक ठोकायची. काकीची मुलगी माझ्याच वयाची, ती सफाळ्याला दिली. थंडीत मी घरी गेले की आय निघताना दोन पुडकी द्यायची: एक माझं आणि एक सफाळ्याचं. तेल लावलेल्या कागदात बांधलेले बोंबील, वर सुतळी. वाट वाकडी पडली तरी सफाळ्याला उतरून ते दिल्याशिवाय मी कधी पुढे गेले नाही.

तर या खळ्यावर एकदा विमान आलं.

त्याला ड्रोन म्हणतात हे पाड्यात पोरासोरांना ठाऊक होतं, पण बायका विमानच म्हणत. गावठाणाची मोजणी वरून फोटो काढून होणार होती. घराघराला स्वतःच्या जागेचा कागद मिळणार, असं पंचायतीच्या शिपायाने येऊन सांगितलं. चुन्याच्या गोणी आल्या. आपापल्या जागेभोवती चुन्याची रेघ मारा, वरून दिसली पाहिजे, म्हणजे कुणाचं काय ते नकाशात उतरेल. लोक खूश झाले. ज्या घराला कधी उतारा नव्हता, त्याला कागद मिळणार होता. यात वाईट काहीच नव्हतं, हे मी आजही म्हणते. मी तेव्हा माझ्या शाळेच्या गावी होते, मला हे सगळं मागाहून कळलं, आयच्याच तोंडून, आणि ती ते कौतुकाने सांगत होती.

पाड्याने काय केलं? घरांभोवती रेघा मारल्या. होड्या ओढून ठेवायच्या जागेभोवती मारल्या. विहिरीभोवतीसुद्धा मारली. खळ्याभोवती मारली नाही. कुणाच्या मनातही आलं नाही, खळ्यावर रेघ मारतात का कधी? आणि हे एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण आमच्या बायका पडल्या पाहुणचाराच्या. सरकार येणार, वरून आपलं गाव बघणार, फोटो पालघरला जाणार, तिथून मुंबईला जाणार. मग अंगणात पसारा कसा ठेवायचा? ऐन हंगाम होता. वलांडीवर बोंबील अर्धे सुकलेले होते. आयने आणि काकीने पुढाकार घेतला आणि सगळ्या जणींनी मिळून बोंबील उतरवले, दोऱ्या सोडल्या, बांबू उपटून घरांच्या मागे आडवे ठेवले. जवळा गोळा केला. खळं झाडलं, शेणाने सारवलं, वर पाण्याचा सडा घातला. ओले बोंबील घरात कोंबल्यामुळे त्यांतले बरेच खराब झाले, ते समुद्रात टाकले.

"येवडं सोच्च केलं का जेवून घ्यावं खाली," आय मला सांगत होती. "आभालातून कसं दिसलं आसंल गो!"

मला त्या वेळी काही खटकलं नाही. मी हसले. आय अशीच आहे, कुणी येणार म्हटलं की ती आधी झाडू शोधते. आमच्या बोंबलाला वास येतो म्हणून बोईसरच्या बाजारात लोक टोपलीपासून चार हात लांब उभे राहतात, मग भाव करतात. कारखान्यांच्या बाजूने वारा आला की घशात जे खवखवतं त्याबद्दल मात्र कुणी नाकाला रुमाल लावत नाही. तो वास विकासाचा. तेव्हा सरकारी पाहुणा येणार तर बायकांनी आपला वास लपवला, यात त्यांचा दोष काढायला माझी जीभ रेटत नाही.

नकाशा लागला तो पलीकडे, पंचायतीच्या भिंतीवर. घरं ठळक, रेघांसकट. होड्यांची जागा ठळक. विहीर ठळक. आणि पश्चिमेला एक मोठा मोकळा तुकडा, त्यावर 'खुली जागा, शासन'. हरकत असेल त्याने यावं, असं खाली लिहिलं होतं. हे वाचून दाखवायला पाड्यातल्यांनी मला फोन केला. मी रजा टाकली.

पाड्यातल्या काही बायका आणि मी हरकतीला गेलो. पुरुष समुद्रात होते, आणि खरं सांगायचं तर खळं बायकांचं, तेव्हा बायकाच जाणार. कचेरीत मोजणीचे साहेब बसले होते ते काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं. हे मुद्दाम सांगते, कारण वाईट माणूस भेटला असता तर मला बरं वाटलं असतं. भांडून मोकळी झाले असते.

"जागा कोणाच्या वहिवाटीत आहे?" त्यांनी विचारलं.

"समद्यांच्या," आय म्हणाली.

"सगळ्यांच्या म्हणजे नेमकं कोणाच्या?"

"समद्यांच्या म्हंजे समद्यांच्या. आमी तितं म्हावरं सुकवतो. आमच्या सासवा सुकवीत, त्यांच्या सासवा सुकवीत."

साहेबांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. वरून काढलेला फोटो होता. घरं, रेघा, होड्या, आणि खळं. इतकं स्वच्छ खळं मी जन्मात पाहिलं नव्हतं. एक काडी नाही, एक बांबू नाही, बोंबलाचं शेपूट नाही. ओलं सारवण उन्हात चमकत होतं.

"बाई, फोटोत तर इथं काहीच दिसत नाही," साहेब म्हणाले. "मोकळं मैदान आहे. हंगाम होता म्हणता, मग मासळी कुठं आहे?"

आय त्या पडद्याकडे बघतच राहिली. मग तिने पदर सावरला आणि शाळेतल्या मुलीसारखं उत्तर दिलं. "आमी झाडलं ना सायेब. तुमी येनार म्हनून आमी झाडलं."

कचेरीत कुणीतरी हसलं. कोण ते मी बघितलं नाही, बघितलं असतं तर तिथंच काहीतरी घडलं असतं. मी बोलायला उभी राहिले. इतक्या वर्षांची वहिवाट आहे, आजूबाजूच्या कुठल्याही गावाला विचारा, होळी तिथं लागते, लग्नं तिथं होतात, असं सगळं बोलले. साहेबांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, तुमचं म्हणणं खरं असेल, मला खोटं वाटत नाही, पण वहिवाट कुणाच्या तरी नावाने लागते. एक नाव द्या. कोणाचंही द्या. मी हरकत नोंदवून घेतो, पुढचं पुढे पाहू.

आम्ही बाहेर पायऱ्यांवर बसलो. एक नाव. बायका एकमेकींकडे बघत होत्या. मी म्हटलं, द्या की कोणाचंही, आपसात तर आपल्याला ठाऊक आहे ना. तेव्हा काकी आयला म्हणाली, "तुजं नाव घाल. तू समद्यांत मोटी. आमाला चालंल."

आय ताडकन म्हणाली, "माजं नाव घातलं का खलं माजं झालं. माज्या मागून माजी पोरं, त्यांची पोरं. मंग तुजी सून कुटं बसंल गो? तुजं घाल."

"माजं कशाला? मी काय चोर हाय?"

असं फिरत फिरत ते नाव सगळ्यांच्या दारात जाऊन आलं आणि कुणीच घेतलं नाही. मला त्या वेळी त्यांचा राग आला होता. डोकं फोडून घ्यावंसं वाटलं होतं. आज मागे वळून बघते तेव्हा वाटतं, त्या पायऱ्यांवर मी जे पाहिलं ते पुन्हा कुठं पाहायला मिळणार नाही. माणसाला फुकट जमीन देऊ केली आणि त्याने शेजारणीसाठी ती नाकारली. अर्थात, या गोष्टीला कुठल्याही कचेरीत रकाना नाही. आम्ही आत जाऊन "सगळ्यांची" असंच पुन्हा सांगितलं आणि परत आलो.

पुढचं सगळं मग उतारावरून घरंगळत आलं. शासनाची खुली जागा म्हणून ती पंचायतीकडे सार्वजनिक कामासाठी आली आणि पंचायतीला तिथं बाग सुचली. समुद्रदर्शन बाग. शनिवार-रविवारी लांबून गाड्या येतील, वडापावच्या गाड्या लागतील, गावाचं नाव होईल. यासाठी ग्रामसभा बोलावली. ती ठेवली अमावास्येला दुपारी. अमावास्येला दुपारी समुद्र तुडुंब भरतो, बांधावर पुरुषभर पाणी असतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पंचायतीत कुणाला ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही. मुद्दाम केलं असंही मला सिद्ध करता येणार नाही. त्यांच्या भिंतीवर जे कॅलेंडर होतं त्यात तिथी बारीक अक्षरात असते, असं पुढे सरपंचाने मला सांगितलं. वर हेही म्हणाला की होडीने यायचं होतं. उधाणाच्या पाण्यात, खाडीच्या तोंडाशी, पोरंबाळं काखेत घेऊन, ग्रामसभेला!

त्या दिवशी रविवार होता म्हणून मी पाड्यात होते. बायका बांधाच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. पलीकडे मांडव दिसत होता, खुर्च्या दिसत होत्या आणि भोंगा तर आमच्याच दिशेने लावला होता. पाण्यावरून आवाज स्वच्छ येतो. ग्रामसेवकाने ठराव वाचला तो आम्ही शब्द न् शब्द ऐकला. काकीने दोन्ही हात तोंडाशी धरून "आमची हरकत हाय, आमची हरकत हाय" असं ओरडायला सुरुवात केली, मग सगळ्याच ओरडायला लागल्या. वारा समुद्राकडून खाडीत आत जात होता, आमचा आवाज कुठल्या कुठं गेला. पलीकडून भोंग्यावर आलं, "ठराव सर्वानुमते मंजूर." टाळ्यासुद्धा ऐकू आल्या.

मी भूगोल शिकवते. बेट म्हणजे काय ते मला पाठ आहे: चारी बाजूंनी पाण्याने वेढलेला जमिनीचा भाग. त्या दुपारी त्याचा खरा अर्थ कळला. जिथून तुम्हाला सगळं ऐकू येतं आणि तुमचं कुणाला ऐकू जात नाही, ते बेट.

बाग झाली. फरशीचे ठोकळे बसवले, सिमेंटची बाकं आली, भोवती लोखंडी कठडा. ठोकळे बसवायला जी परप्रांतीय पोरं आली होती ती बिचारी भली. आय रोज जाऊन उरलेल्या मोकळ्या भागात जवळा पसरायची, तेव्हा त्यांतला एक जण म्हणाला, "माताजी, यहाँ मत सुखाओ, ठेकेदार चिल्लाएगा." मग तोच तिला जवळा गोळा करू लागला. बागेच्या दर्शनी भिंतीवर जिल्ह्याचा मोठा रंगीत नकाशा काढला आहे. आठ तालुके आठ रंगांत, वर 'सागरी, नागरी, डोंगरी' अशी कमानीसारखी अक्षरं. किनाऱ्याची रेघ काढताना रंगाऱ्याने आमची खाडी गाळली आहे. खाडीच नाही म्हटल्यावर पाड्याचा प्रश्न मिटला. गाड्या पलीकडे लावून ओहोटीला बांधावरून आलेले लोक त्या नकाशापुढे फोटो काढतात. वास येतो अशी तक्रारही करतात, कारण बागेच्या मागे आता आमच्या बायका बसतात.

बागेचा कठडा आणि खाडी यांच्या मधे एक चिंचोळी पट्टी उरली आहे. उधाणाला तिची कड भिजते. सगळ्या पाड्याच्या वलांड्या तिथं लावायच्या, आणि जवळ्याला जमीन पाहिजे ती वेगळी. पहिल्या हंगामाला नेहमीसारखा नारळ फोडला, आपसात जागा ठरवल्या. पण ऐसपैस मैदानावर जी रीत चालते ती चिंचोळ्या पट्टीवर चालेलच असं नाही. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात ते काही उगीच नाही. कुणाचे बांबू कुणाच्या सावलीत आले, कुणाच्या बोंबलातलं पाणी कुणाच्या जवळ्यावर ठिबकलं. ज्या बायकांनी एक आख्खं मैदान एकमेकींना देऊ केलं होतं त्या आता वीतभर जागेवरून बोलायच्या बंद झाल्या. पुढच्या वर्षी कुणीतरी एका सकाळी आपल्या वलांडीभोवती चुना टाकला. मोजणीच्या वेळच्या गोणीतला उरलेला होता म्हणे. दुपारपर्यंत दुसरीने टाकला. कुणी पुसायला पाय उचलला नाही.

आयने टाकला नाही. ती त्या सगळ्यांना शिव्या देत होती. तिची आणि काकीची वलांडी एकच होती, तिथं रेघेचा प्रश्नच नव्हता. पण काकीच्या मुलाने नवी होडी घेतली, मासळी वाढली, सुनेला जागा पुरेना. सून कमी बोलणारी आणि कामाला वाघीण आहे, ती एकेक हात सरकत गेली. आय काकीला बोलली. काकी म्हणाली, "माजी सून हाय, मी काय करू?" आणि मग तिने तेही बोलून टाकलं जे बोलायचं नव्हतं, "तुजी पोर मास्तरीन हाय, तुला काय कमी?" त्या संध्याकाळी आयने मला फोन केला. येताना बोईसरहून चुन्याची पिशवी आण म्हणाली.

मी आणली. नाही आणली असती तर तिने दुसऱ्या कुणाला तरी सांगितलं असतं. सकाळी ती पट्टीवर गेली, मी तिच्यामागून गेले. ती वाकून, मुठीने चुना सोडत सोडत, सामायिक वलांडीच्या बरोबर मधून चालत गेली. रेघ जरा वाकडी आली, तर तिने परत येऊन ती सरळ केली. काकी पलीकडे जवळा पसरत होती. तिने मान वर केली नाही. मला ओरडावंसं वाटलं, आय, म्हावरं नासेल गं. पण कोणत्या तोंडाने ओरडणार? पट्टीवरच्या बाकी सगळ्या रेघा तिच्याआधीच पडलेल्या होत्या.

थोड्या वेळाने वारा सुटला. काकीचा जवळा हलका, त्यातला थोडा उडून रेघेच्या अलीकडे आला. आयने झाडू घेतला. बाग व्हायच्या आधी, पाहुणे येणार म्हणून जिने सगळं खळं झाडलं होतं तीच माझी आय. तिने खाली बसून तो जवळा एकत्र केला, आपल्या जवळ्यात एक कणही मिसळू दिला नाही, आणि झाडूने हळूहळू ढकलत रेघेच्या पलीकडे घातला. मग कंबर सरळ करून मला म्हणाली, "कुनाचं आपल्याला नको."

त्या वर्षी म्हावरं काही नासलं नाही. ऊन चांगलं पडलं, बोंबील कडकडीत वाळले, बाजारात भावही बरा आला. सुट्टी संपवून मी निघाले तेव्हा आयने नेहमीसारखी पिशवी भरून दिली. बांध ओलांडून मी रिक्षात बसले आणि सफाळ्याला उतरायचं म्हणून पिशवी उघडून पाहिली. आत तेल लावलेल्या कागदाचं, वर सुतळी बांधलेलं, एकच पुडकं होतं.